अनोळखी हातासाठी माती

गेल्या वर्षी दिवाळीच्या पंधरा दिवस आधी परदेशात राहणारा माझा भाचा नगरला आला. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे, पण जिभेवरचे 'नगर' अजून हलत नाही.) आल्या आल्या त्याने मागणी केली, "मामा, इथल्या मातीच्या पंचवीसएक टिकल्या करून द्या. डब्यांत ठेवायच्यात."

हे डबे जिओकॅशिंग नावाच्या खेळातले. उपग्रहांवरून ठिकाण शोधण्याच्या नागरी संकेतांत अमेरिकेने मुद्दाम घातलेली चूक २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला काढून टाकण्यात आली. ३ मे रोजी ऑरेगन राज्यातल्या डेव्ह अल्मर यांनी रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. बादलीत एक वही होती, काही पुस्तके, एक गलोल आणि बीन्सचा बंद डबा. शोधणाऱ्याने काही घ्यावे, काही ठेवावे आणि वहीत नोंद करावी, एवढाच नियम. पुढे खेळ जगभर गेला, तशी आपली ओळख म्हणून हाताने केलेली वस्तू मागे ठेवण्याची रीत पडली. मातीची टिकली ही त्यातलीच.

मी टिकल्या केल्या आणि त्या फसल्या. त्या का फसल्या याचा शोध घेताना लक्षात आले की कादंबरी, चित्र, नाटक यांच्या परीक्षणाची भाषा आपल्याकडे मुबलक आहे. तळहातावर मावणाऱ्या वस्तूपुढे मात्र आपण 'हस्तकला' किंवा 'लोककला' एवढे म्हणून मोकळे होतो. हे शब्द वस्तूला कौतुकाच्या कपाटात ठेवतात, तिच्याशी वाद घालत नाहीत.

पहिला घाणा मी शेतातल्या काळ्या मातीचा केला. वाळताना सगळ्या टिकल्या तडकल्या. ओळखीच्या एका म्हाताऱ्या कुंभाराकडे गेलो. ते म्हणाले, "गुरुजी, काळी माती पाण्यानं फुगती, उन्हानं आवळती. तिच्यात पीक घ्यावं, भांडं नाही." त्यांनी लीद आणि राख घालून मळलेला गाळाच्या मातीचा गोळा दिला. त्यावर मी दायमाबादच्या रथाचा छाप उठवला. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी १९७४ साली सापडलेला हा कांस्यरथ आमच्या जिल्ह्याचा अभिमान. त्याच्याहून अस्सल खूण कोणती? भाच्याने टिकली उलटसुलट केली आणि म्हणाला, "छान आहे. फ्रिजवरच्या चुंबकासारखी." तो स्तुतीच करत होता.

दोष नकलेचा असेल, असे आधी वाटले. पण मग तेरच्या मातीच्या चकत्या आठवल्या. धाराशिव जिल्ह्यातले तेर आणि तेलंगणातले कोंडापूर इथे रोमन नाण्यांच्या धर्तीवर घडवलेल्या मातीच्या चकत्या सापडल्या आहेत. दोऱ्यात ओवायला त्यांना कडी किंवा भोक असे. बाजारात त्या चालत नसाव्यात, गळ्यात चालत. म्हणजे नक्कल असूनही त्यांना स्वतःचे काम मिळाले होते. माझ्या रथाला काम नव्हते. तो फक्त 'मी नगरचा' एवढे ओरडत होता, आणि ज्याला नगर ठाऊक नाही त्याच्या हातात तो मुका.

खुद्द दायमाबादच्या उत्खननात, उत्तर हडप्पा काळाच्या थरात, सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या भाजक्या मातीच्या बटणासारख्या मुद्रा मिळाल्या. पण मुद्रेची रीत वेगळी आहे. मुद्रा मालकापाशी राहते, तिचा ठसा प्रवासाला जातो. टिकली स्वतःच निघून जाते. पश्चिम आशियातल्या मातीच्या खड्यांबद्दल डेनिस श्मांट-बेसेरा यांनी 'बिफोर रायटिंग' (१९९२) या ग्रंथात मांडणी केली, ती इथे उपयोगी पडते. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपासून शंकू, गोळी, चकती अशा आकारांचे खडे धान्य-जनावरांच्या हिशेबासाठी वापरले जात, पुढे ते मातीच्या पोकळ गोळ्यांत बंद होऊ लागले, आणि गोळ्यावर बाहेरून उठवलेल्या खुणांतून लेखनाकडे वाट गेली, असे त्यांचे म्हणणे. प्रत्येक आकाराला त्यांनी लावलेला अर्थ सर्व अभ्यासकांना पटलेला नाही. पण ते खडे देण्याघेण्याचे, म्हणजे कुणीतरी कुणाचेतरी देणे लागतो या व्यवहारातले होते, हे महत्त्वाचे. डब्यातल्या टिकलीला कुणाचेच देणे नाही. तेव्हा तिची वंशावळ सुमेरपर्यंत नेण्याचा मोह मी आवरतो.

तिच्याशी खरी तुलना करायची तर पोळ्याच्या बैलाशी. श्रावण अमावास्येला ज्यांच्या दावणीला बैल नाही, त्यांच्या घरी मातीची जोडी पुजतात. वशिंड चिमटीने वर ओढलेले, शिंगे वळलेली, पाय म्हणजे चार ठोंब, डोळे बहुधा नसतातच. घाईत, शेकड्यांनी केलेली ही वस्तू. तरी प्रत्येकाच्या पोटाखाली अंगठ्याचा खळगा वेगळा. आता बाजारात साच्यातले, रंगवलेले प्लास्टरचे बैल येतात. त्यांना डोळे असतात, पापण्यासुद्धा असतात, आणि पोट सपाट.

इथे हळवे होणे सोपे आहे. पण कुंभार बैल देई तो बलुत्यापोटी. त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा'त (१९१५) बलुत्याची ही व्यवस्था तपशिलाने आली आहे, आणि आत्रे तिच्याकडे लाडाने पाहत नाहीत. थोरली, मधली, धाकटी अशा बलुत्याच्या ओळींत कुंभार मधल्या ओळीतला. खळ्यावर किती माप पडणार हे त्याच्या हातच्या कसबावर ठरत नसे, जातीवर आणि जागेवर ठरे. बैल कुणाच्या घरी जाणार हे ठाऊक, पण बैलावर नाव नाही. डब्यातल्या टिकलीचे नेमके उलटे: मागे करणाऱ्याचे नाव ठसठशीत, घेणारा मात्र कोण ते माहीत नाही. एकीकडे बंधन होते आणि नाव नव्हते. दुसरीकडे नाव आहे आणि बंधन नाही. दुसरी स्थिती मला अधिक माणुसकीची वाटते, हे नोंदवून ठेवतो, कारण या विषयावरचे लेखन बहुतेक वेळा पहिलीच्या बाजूने गहिवरते.

पण या मोकळिकीची किंमत वस्तूत दिसते. भाच्याने दाखवलेल्या इतरांच्या टिकल्यांपैकी बहुतेक पॉलिमर क्लेच्या होत्या. नाव मातीचे, जात प्लास्टिकची. पीव्हीसीत मऊपणासाठी द्रव्य मिसळून केलेली ही लगदी घरच्या ओव्हनमध्ये १३० अंशांच्या आसपास पक्की होते. खऱ्या मातीला पाण्यात पुन्हा विरघळू नये इतके भाजायला साधारण ६०० अंश लागतात. डब्यात ओल शिरते, तेव्हा प्लास्टिक निवडण्यात शहाणपण आहेच. माझा आक्षेप शुद्धतेचा नाही. त्या टिकल्यांत कुठे भीती दिसत नाही. आव्यात काय टिकेल, काय फुटेल याचा धसका कुंभाराच्या हाताला जाडी शिकवतो, कडा गोल करायला लावतो. तो धसका नसला की हात नक्षीकडे वळतो. पाकळी, पाकळीवर थेंब, थेंबावर चमक. सुबक सगळ्याच, आठवणीत एकही राहिली नाही.

दुसऱ्या खेपेला मी रथ सोडला. सुपारीएवढा गोळा, त्यावर अंगठा दाबला, बस. अनोळखी माणूस ती उचलेल तेव्हा त्याचा अंगठा आपोआप त्या खळग्यात बसावा, एवढेच तिचे काम. पणत्यांच्या आव्यात पंचवीस ठेवल्या, सतरा धड निघाल्या.

राख झटकताना म्हाताऱ्याने विचारले, "कोण घेणार ह्या?"

"माहीत नाही, आबा."

"मग दाणे कोण देणार?"

मी दिलेले पैसे त्यांनी पणत्यांचे म्हणून घेतले, टिकल्यांचे घेतले नाहीत. घरी येऊन उजेडात पाहिले, तर बऱ्याच टिकल्यांवर माझ्या खळग्याची कड दुसऱ्या, रुंद अंगठ्याने सारखी केलेली होती. आव्यात रचण्याआधी त्यांनी न सांगता हात फिरवला होता. मागे कुणाचे नाव कोरू म्हणून भाचा सुई घेऊन बसला होता. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली.