वाक्यात पुरुष घालून बघा

कॅन्टनीज भाषेत ‘साम छुंग सेइ दाक’ असा शब्दप्रयोग आहे. तीन आज्ञापालनं, चार सद्गुण. बाईनं लग्नाआधी बापाचं, लग्नानंतर नवऱ्याचं आणि विधवा झाल्यावर मुलाचं ऐकायचं. शिवाय वागणं, बोलणं, दिसणं आणि घरकाम यांत चोख असायचं. आपल्याला यात नवल वाटू नये. बाप-नवरा-मुलगा ही रांग मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातही आहे.

मराठीत या रांगेला खणखणीत उत्तर दिलं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली, पण त्या निमित्तानं ‘पुणे वैभव’नं एकूणच बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं. ताराबाईंचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्यात छापलं गेलं. महात्मा फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. मग पुस्तक विसरलं गेलं, ते थेट १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणलं.

पुस्तकाची ताकद त्याच्या नावातच आहे. बायकांवर लादलेला प्रत्येक दोष आणि नियम ताराबाई उचलतात आणि पुरुषाला लावून बघतात. विधुर पुन्हा बोहल्यावर चढतो, मग विधवेनं काय पाप केलं? नवऱ्याला देव मानायचं, तर त्यानं देवासारखं वागायला नको?

पुस्तकाची मर्यादाही इथेच दिसते. नवऱ्याच्या देवपणाला त्या अटी घालतात. देव्हारा मात्र जागेवरच राहतो.

तरी ही तुलना आजही उपयोगी आहे. मी मारुंजीत राहते, हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून. इथल्या सोसायट्यांमध्ये मनुस्मृती कुणी वाचत नाही. पण लग्न जमवताना ‘आम्ही मॉडर्न आहोत, मुलीनं नोकरी केली तरी आमची हरकत नाही, फक्त घर सांभाळून’ हे मोठ्या मनानं सांगितलं जातं. आता यात मुलगा घाला: ‘त्यानं लग्नानंतर नोकरी केली तरी आमची हरकत नाही, फक्त घर सांभाळून.’

हसू आलं ना? हरकत घ्यायचा हक्क कुणी दिला, हे त्या हसण्यातून कळतं. पुढच्या वेळी कुणी ‘अ‍ॅडजस्ट करणारी’ म्हणालं, की लगेच विचारा: आणि मुलगा?