स्वीकार आणि परिवर्तन : लिनेहान यांच्या उपचारपद्धतीचे परीक्षण

मार्शा लिनेहान यांनी १९९३ च्या ग्रंथात 'डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी' ही उपचारपद्धती साकल्याने मांडली. आत्मघाताकडे वारंवार वळणाऱ्या रुग्णास केवळ बदलण्यास सांगितले तर तो दुखावतो. केवळ सहानुभूती दाखविली तर त्याचे दुःख कायम राहते. म्हणून स्वीकार व परिवर्तन यांचा समन्वय हे या पद्धतीचे अधिष्ठान होय. सजगता, क्लेशसहन, भावनानियमन व परस्परसंबंध ही तिच्या कौशल्यशिक्षणाची चार अंगे. भय वस्तुस्थितीस धरून नसेल तेव्हा पळण्याऐवजी सामोरे जाणे, हा भावनानियमनाचाच एक पाठ.

तथापि फलाचे श्रेय द्वंद्वात्मक तत्त्वाला द्यावे काय? लिनेहान व सहकाऱ्यांनी ९९ स्त्रियांवर केलेली चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीत आत्महत्येचे प्रयत्न तिन्ही गटांत सारख्याच प्रमाणात घटले; आत्महत्येच्या हेतूविना होणारी स्वतःची इजा मात्र कौशल्यशिक्षण मिळालेल्या गटांत अधिक कमी झाली. कौशल्यांचे महत्त्व यातून निर्विवादपणे दिसते. परंतु त्या कौशल्यांतही स्वीकार व परिवर्तन गुंफलेलेच असल्याने मूळ तत्त्वाची स्वतंत्र कसोटी येथे लागत नाही. ती लागेपर्यंत द्वंद्ववादास कार्यकारणाची उपपत्ती न मानता उपचारकाची दृष्टी मानणे अधिक न्याय्य ठरेल.