सायप्रसची गोष्ट कोणत्या सालापासून सुरू करायची?

मित्रहो, सिनॉप्सिसमध्ये 'अभ्यासाचा कालखंड' ही ओळ आपण पाच मिनिटांत भरून मोकळे होतो. मीही 'सायप्रसची फाळणी : १९७४ ते आजतागायत' असं लिहून नेलं होतं. गाईड मॅडमनी एवढंच विचारलं, "१९७४च का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते सापडलं यानिस पापाडाकिस यांच्या 'एकोज फ्रॉम द डेड झोन' (२००५) या पुस्तकात. आज त्याबद्दल लिहितोय. कौतुकही आहे आणि तक्रारही.

आधी इतिहास, थोडक्यात. १९६० मध्ये ब्रिटिश गेले आणि ग्रीक व तुर्की सायप्रियटांचं सामायिक प्रजासत्ताक आलं. डिसेंबर १९६३ मध्ये दंगली पेटल्या. तुर्की सायप्रियट सरकारबाहेर पडले (की पाडले गेले? वाद तिथूनच सुरू होतो) आणि त्यातले हजारो जण गावं सोडून लहान लहान कोंडवस्त्यांत राहू लागले. १५ जुलै १९७४ ला अथेन्समधल्या लष्करी राजवटीच्या पाठिंब्यानं बंड झालं. २० जुलैला तुर्की सैन्य उतरलं आणि ऑगस्टपर्यंत एक-तृतीयांशाहून अधिक बेट त्याच्या ताब्यात गेलं. दीड लाखाहून जास्त ग्रीक सायप्रियट दक्षिणेत निर्वासित झाले, तर दक्षिणेतले तुर्की सायप्रियट उत्तरेत गेले. १५ नोव्हेंबर १९८३ ला 'उत्तर सायप्रस तुर्की प्रजासत्ताक' जाहीर झालं. तीनच दिवसांत सुरक्षा परिषदेनं ठराव ५४१ करून ती घोषणा कायद्याने अवैध ठरवली. तुर्कस्तान सोडून कुणीही या राज्याला मान्यता दिलेली नाही.

पापाडाकिस स्वतः ग्रीक सायप्रियट, पेशाने मानववंशशास्त्रज्ञ. तुर्की शिकायला ते इस्तंबूलला गेले, मग निकोशियाच्या दोन्ही बाजूंना आणि बफर झोनमधल्या पिला या मिश्र वस्तीच्या गावात राहिले. 'विसरणार नाही' हा निर्धार त्यांना दोन्हीकडे भेटतो. पण काय विसरायचं नाही? दक्षिणेला १९७४, उत्तरेला १९६३. म्हणून २० जुलै एकीकडे 'आक्रमण', तर दुसरीकडे 'शांतता मोहीम'. म्हणजे माझ्या सिनॉप्सिसमधलं '१९७४ ते' हे नुसतं साल नव्हतं; मी नकळत एका बाजूची सरकारी गोष्ट उचलली होती. लेखक स्वतःच्या शाळेत शिकलेल्या इतिहासावरही संशय घेतात. पुस्तकाचं खरं बळ मला तिथे दिसतं.

आता तक्रार. सतत इकडून तिकडे जाताना दोन्ही बाजू आरशासारख्या दिसू लागतात : हे विसरतात, तेही विसरतात. स्मृतीपुरतं हे पटतं. पण सत्ता आरशासारखी नसते. एका बाजूला संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची, दुसऱ्या बाजूला तुर्की सैन्य. शिवाय मान्यता नसलेलं राज्य रोज चालतं कसं, हे पुस्तकात पुरेसं येत नाही. उत्तरेत पत्र पाठवायचं तर पत्त्यावर 'मर्सिन १०, तुर्कस्तान' लिहावं लागतं. निर्वासितांनी मागे सोडलेल्या घराजमिनींचे कागद तिथलं प्रशासन इतरांच्या नावे करून देतं. पण 'लोइझिदू विरुद्ध तुर्कस्तान' खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं १९९६ मध्ये मूळ मालकिणीचाच हक्क मानला आणि जबाबदार धरलं तुर्कस्तानला. राहणारा एक, मालक दुसरा, उत्तरदायी तिसरा! ही बाजू समजायला याएल नवारो-याशिन यांचं 'द मेक-बिलीव्ह स्पेस' (२०१२) जोडीला घ्या. त्यात उत्तरेतली कचेरी, कागद आणि मागे राहिलेल्या वस्तू केंद्रस्थानी आहेत.

तुमचा विषय सायप्रस नसेलही. तरी दोन कामं कराच. सुरुवातीचं साल का निवडलं, यावर एक परिच्छेद लिहा. आणि वादग्रस्त नाव अवतरणचिन्हांत लिहिणार की नाही, हे पहिल्याच प्रकरणात कारणासह सांगा. चिन्ह दिलं तरी भूमिका होते, न दिलं तरी होते.

माझा कालखंड आता '१९६० ते २००४' आहे. २४ एप्रिल २००४ ला एकत्रीकरणाच्या अन्नान योजनेवर दोन्हीकडे एकाच दिवशी मतदान झालं : सुमारे ६५ टक्के तुर्की सायप्रियट 'हो' म्हणाले, सुमारे ७६ टक्के ग्रीक सायप्रियट 'नाही'. आठवड्याभरात सायप्रस युरोपीय संघात गेलं, पण फाळणीसकट. म्हणून तिथे थांबतोय. मॅडम आता "२००४च का?" विचारतील. या वेळी उत्तर तयार आहे. ते पुरेसं आहे का, हे पुढच्या मीटिंगला कळेल.