रेघेला नट कशाला?

२०२५च्या जानेवारीत युगो साको आणि राम मोहन यांचे ‘रामायण’ पुन्हा चित्रपटगृहांत आले. १९९२चा, हाताने चित्रे काढून केलेला चित्रपट. त्याच वर्षी ऑक्टोबरात कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करवून घेतलेली ‘महाभारत’ मालिका मोबाइलवर उतरली, आणि आपल्या अ‍ॅनिमेशनचे भवितव्य आता यातच, असे जाणती माणसेही बोलू लागली. म्हणून हा लेख. त्या मालिकेतली माणसे चकाकतात, पण चालताना त्यांच्या पायांखाली जमीन नसते. शोक करतात तेव्हा फक्त डोळे ओले होतात. खांदे, मान, बोटे कोरडीच.

ही खोट यंत्रापाशी सुरू झालेली नाही. चितारणाऱ्याने माणूस पाहणे सोडले, तिथे ती सुरू झाली.

म्हैसूरच्या अग्रहार-लक्ष्मीपुरमकडच्या जुन्या वस्तीत मला हे फार जाणवले. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण याच गावात १९२१ साली जन्मले. खिडकीतून दिसणाऱ्या वाळक्या काटक्या, सरपटणारे जीव, लाकूड फोडणारा गडी आणि समोरच्या छपरांवरचे कावळे आपण काढत बसायचो, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. कुऱ्हाड वर गेली की पाठीचा कणा कुठे ताणतो, उडण्याआधी कावळा अंग कसे आवळतो, हे ज्याने पाहिले त्याचे अर्धे अ‍ॅनिमेशन शिकून झाले. जे. जे. स्कूलने या मुलाला प्रवेश नाकारला, ती कथा सर्वांना ठाऊक आहे. मला महत्त्वाची वाटते ती त्यांच्या कुंचल्याची काळी, ओली रेघ. त्यांचा पुढारी खुर्चीत बसलेला असतो, पण तो आता उठणार की आणखी रेलणार, हे धोतराच्या चुण्यांवरून कळते. बेळगाव जिल्ह्यातल्या भोजला जन्मलेले व्यंगचित्रकार शि. द. फडणीस दुसऱ्या वाटेने तिथेच पोचतात. त्यांच्या शब्दाविना हसवणाऱ्या चित्रात आत्ता काय घडून गेले आणि पुढच्या क्षणी काय घडणार, ते एकदमच दिसते. या चित्रांत हालचाल आधीच भरलेली आहे.

आणि आपण त्यांचे काय केले? लक्ष्मण यांचा वागळे १९८८मध्ये दूरदर्शनवर आला, तो नट अंजन श्रीवास्तव होऊन. ‘मालगुडी डेज’च्या श्रेयनामावलीत लक्ष्मण यांची रेखाटने दिसली, आणि लगेच नटांची गोष्ट सुरू झाली. २०११ची ‘आर. के. लक्ष्मण की दुनिया’ ही मालिकाही नटांचीच. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चित्रपट्टीतला चिंटू २०१२ साली मोठ्या पडद्यावर आला, तोही हाडामांसाचा मुलगा म्हणून. अभिनयाबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या रेघेने ही माणसे घडवली, तिलाच आपण दाराबाहेर ठेवले.

पौराणिक वीरांच्या फुगवलेल्या दंडांचा जो बाजार ‘हनुमान’पासून ‘महावतार नरसिंह’पर्यंत भरला आहे, त्यावर मला शब्द खर्चायचे नाहीत.

शब्द खर्चायचे ते अ‍ॅनिमेशनपट करणाऱ्या गीतांजली राव यांच्यावर. त्यांच्या ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) मध्ये एक एकटी म्हातारी, तिची मांजर आणि काडेपेट्यांचा संग्रह आहे. करड्या मुंबईतून ती एकेका पेटीवरच्या रंगीत जगात शिरते. दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या नाचवल्या; इथे त्या काड्यांच्या पेटीला मन मिळाले. म्हातारीचा हात पेटीकडे ज्या संथपणे जातो, त्यात तिचे सारे वय आहे. त्यांचा ‘बॉम्बे रोझ’ही असाच एकेक चौकट रंगवून झाला, आणि २०१९ साली व्हेनिसपर्यंत गेला.

हे परवडत नाही, असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. ‘प्रिंटेड रेनबो’ची चित्रे जवळजवळ एकट्या बाईने काढली. तिच्यामागे कोणताही मोठा स्टुडिओ नव्हता. कमी पडतो तो पैसा नव्हे, चित्रकार कमी पडतात. ते कमी पडणारच, कारण वृत्तपत्रांनी व्यंगचित्राची चौकट जाहिरातीला दिली, दिवाळी अंकांनी व्यंगचित्रकाराला पानपूरक केले, आणि अ‍ॅनिमेशनच्या वर्गांत मुलांच्या हाती पेन्सिलीआधी सॉफ्टवेअर येते. या मुलांना पहिले वर्षभर संगणकाला हात लावू देऊ नका. त्यांना बाजारात, एसटी स्थानकावर, तालमीत बसवा. हमाल पोते पाठीवर घेतानाचे वीस कागद रोज मागा. आणि स्टुडिओवाल्यांनी फडणिसांचे एक, फक्त एक चित्र घ्यावे, नट न बोलावता ते दोन मिनिटे हलवून दाखवावे. मग भवितव्याविषयी आपण बोलू.