आडनावापलीकडचा मूळ पुरुष

उत्तनच्या ख्रिस्ती कोळी घरांची वंशावळ मांडताना एक समजूत हमखास आड येते: आडनाव पोर्तुगीज, तेव्हा मूळ पुरुष लिस्बनचा. हा युक्तिवाद मला टिकणारा वाटत नाही. १५३४च्या तहाने वसई-साष्टी पोर्तुगीजांकडे गेली आणि बाप्तिस्म्याबरोबर इथल्या कोळी, कुणबी, भंडारी घरांना नवी नावे मिळाली. आडनाव ही धर्मांतराची खूण आहे. त्यावरून रक्त ठरत नाही.

‘ईस्ट इंडियन’ हे नाव तर त्याहून अलीकडचे. साष्टी १७७४मध्ये इंग्रजांकडे गेली. पुढे १८८७मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, गोवा-मंगळूरकडच्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे आणि इंग्रजांची जुनी प्रजा, हे ठसवण्यासाठी समाजाने ते स्वतःच घेतले. त्यामागे नोकऱ्यांची स्पर्धा होती.

म्हणून कुलवृत्तांत लिहिणाऱ्याने चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदीत आईबापांइतकीच धर्मपिता-धर्ममातेची नावेही वाचावीत. शेजार आणि सोयरीक तिथे सापडू शकते. लिस्बनचा पूर्वज शोधण्याच्या नादात दर्यावर जाणारा आजा आणि मासळी विकणारी आजी वंशावळीतून गळतात. त्यांची मराठी बोली मात्र घरात अजून आहे, आणि मूळ पुरुषाबद्दल ती आडनावापेक्षा अधिक विश्वासू साक्ष देते.