मीपण असाच होतो

एडीएचडी असलेला मुलगा गोष्टीत आला की त्याला हमखास एखादी शक्ती मिळते. रिक रायर्डनचा पर्सी जॅक्सन वर्गात स्वस्थ बसत नाही, कारण म्हणे त्याचं शरीर लढाईसाठी घडलंय. रायर्डनने ही गोष्ट मुळात एडीएचडी आणि डिस्लेक्सिया असलेल्या स्वतःच्या मुलासाठी रचली, त्यामुळे तिच्यातली माया खरी आहे. पण पर्सीच्या जगात औषध हा मुद्दाच नाही.

जॅक गँटॉसच्या 'जोई पिग्झा लूजेस कंट्रोल' (२०००) या कादंबरीत सगळं भांडण औषधाचंच आहे. जोई औषधाचे पॅच अंगाला लावतो. उन्हाळ्यात तो बापाकडे राहायला जातो. बाप बेसबॉल टीमचा कोच, आणि स्वतःही तसाच: तोंडाला खंड नाही, रोज नवी स्कीम. एक दिवस तो जोईचे पॅच संडासात फ्लश करून टाकतो. मनावर घेतलं की औषधाशिवाय निभतं, हे त्याचं मत.

गोष्ट जोईच सांगतो. आपण पुन्हा घसरतोय हे त्याला आतून कळतंय, तरी बापाचं खरं ठरावं असंही वाटतंय. पुस्तकाचा जीव या जागेत आहे. आई मात्र बरीचशी फोनच्या पलीकडेच राहते; तिची दमछाक अजून दिसायला हवी होती.

गँटॉस बापाला खलनायक करत नाही, आणि मला तेच बोचलं. माझं निदान सव्विसाव्या वर्षी झालं. बाबा म्हणाले, "मीपण असाच होतो. मला झालं का काही?" तेव्हा मी चिडून फोन ठेवला होता. पॅचचा प्रसंग वाचल्यावर लक्षात आलं की बाबांना झालं होतंच. दोनदा बुडालेली बारावी, आजोबांचा मार, तीन बंद पडलेले धंदे. माझी गोळी खरी मानली तर हा सगळा हिशोब त्यांना साठाव्या वर्षी नव्याने मांडावा लागतो. जोईचा बाप मुलाचं औषध फेकतो तेव्हा स्वतःलाच निर्दोष सोडवत असतो. पोराची त्यात फरफट होते, हे गँटॉस विसरू देत नाही.

परवा बाबांनी विचारलं, "त्या गोळीने नक्की होतं काय रे?"

म्हटलं, दुपारी भूक लागत नाही. पण लाइट बिल वेळेत भरलं जातं.

"आणि झोप?" ते म्हणाले.