'सावकारी पाश' आणि बाबूराव पेंटर

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें. परंतु त्यांतील बहुतेक स्तुति त्यांच्या हस्तकौशल्याची आहे. आडनांव मेस्त्री, जन्म १८९० चा, चित्रकला स्वतःच शिकलेले. चुलतबंधु आनंदरावांसह त्यांनीं चित्रीकरणाचा कॅमेरा घरींच बनविण्याचें मनांत घेतलें. १९१६ मध्यें आनंदराव निवर्तल्यावर दामल्यांच्या साहाय्यानें तें काम तडीस नेलें. पुढें महाराष्ट्र फिल्म कंपनी, १९२० चा 'सैरंध्री', लोकमान्यांनीं दिलेली 'सिनेमा केसरी' ही पदवी, हें सर्व वाचकांस ठाऊकच आहे.

आम्हांस मात्र त्यांचें खरें मोठेपण १९२५ च्या 'सावकारी पाश' या मूकपटांत दिसतें. कथा ना. ह. आपट्यांची. शेतकरी सावकाराच्या कचाट्यांत सांपडतो, जमीन गमावतो आणि शहरांत जाऊन गिरणी-कामगार होतो, एवढीच हकीकत. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेंत शांताराम होते. देवादिकांच्या लीला आणि किल्ल्यांवरील लढाया पाहण्यास सोकावलेल्या प्रेक्षकांनीं या चित्रास फारसा आश्रय दिला नाहीं.

तो मूकपट आज उपलब्ध नाहीं. न पाहिलेल्या चित्राची समीक्षा कशी करतां, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मंद उजेडांत टिपलेल्या एका उदास झोपडीची आठवण जे. बी. एच. वाडियांनीं पुढें नमूद केली आहे. तिच्यावरूनच काय तो तर्क करावयाचा. पण राजवाडे उभारण्यांत ज्याचा हातखंडा, त्याला झोपडी चित्रविषय वाटावी, हें आम्हांस थोडें वाटत नाहीं.

तथापि एक आक्षेप नोंदविल्यावांचून राहवत नाहीं. आम्ही कामरगांवचे, वऱ्हाडच्या काळ्या मातींतले. एका दुष्ट सावकारास दूर केलें म्हणजे पाश सुटतो, असें तेथील कुणब्यास सांगून पाहावें! पऱ्हाटीवर पाऊस रुसतो, कापसाचा भाव तर कारंज्याच्या बाजारांत गाडी उभी राहिल्यावरच कळतो. आणि बियाण्याचें देणें तर पेरणीच्या आधींपासूनच डोक्यावर बसलेलें असतें. या पाशाला तोंड नाहीं. दक्षिणेंत १८७५ मध्यें सुप्याच्या शेतकऱ्यांनीं सावकारांचीं कर्जखतें जाळलीं, तरी कर्ज जळलें नाहींच. पटकथेला खलपुरुष लागतो, हें आम्हांस मान्य आहे. पण त्या सोयीनें विषय थोडा लहान होतो, हेंही खरें.

१९२९ मध्यें दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे शिष्य निघून गेले आणि त्यांनीं 'प्रभात' स्थापिली. शिष्यांचा भाग्योदय झाला, गुरूचा व्याप ओसरला. इतकें झाल्यावर एखादा चलाख मनुष्य हमखास चालणाऱ्या पौराणिक कथेकडे वळला असता. बाबूरावांनीं १९३६ मध्यें, बोलपटाच्या काळांत, प्रेक्षकांनीं एकदां नाकारलेला तोच 'सावकारी पाश' पुन्हां काढला.